चुक्याची चुलत बहीण

आयर्लंडमधल्या मेयोतल्या वाऱ्याचा चिमट्यांवर काय राग आहे कोण जाणे. परवा दुपारी दोरीवरचा शर्ट उडून कुंपणापलीकडे गेला. काढायला हात घातला तो नेमका नेटल नावाच्या खाजऱ्या रानझुडपात. कोपरापर्यंत आग आग. 'आई गं' ही आरोळी अस्सल मराठी होती, पण शेजारच्या आजींना ती बरोबर कळली. बांधावरचं एक रुंद पान तोडून त्यांनी चुरगळलं आणि माझ्या हातावर खसाखसा चोळलं. डॉकचं पान. नेटल असेल तिथं जवळपास डॉक असतंच, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

या डॉकचं आणि आपल्या आंबट चुक्याचं कूळ एकच, रुमेक्स. म्हणजे आई शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घालून जिची भाजी करायची, तिची चुलत बहीण आयर्लंडात मलम होऊन भेटली.

आजोळी एकदा मी खाजकुइलीच्या वेलात घुसलो होतो. आजीनं दोन्ही हातांना शेण फासलं आणि 'मेल्या, तिकडे कशाला तडमडलास?' हे किमान दहा वेळा ऐकवलं. इथल्या आजी काहीच बोलल्या नाहीत. त्यामुळे उपचार अर्धवट झाल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी घरात बोलावलं. फळीवर बरणीत वाळलेलं कॅरागीन होतं, समुद्रातलं शेवाळ. खोकला झाला की दुधात उकळून प्यायचं. शेजारी एक बिनलेबलाची बाटली. पोटीन, म्हणजे इथली गावठी दारू. ती विकायला इथं १९९७ पर्यंत बंदी होती, पण सांधे चोळायला ती घरात असायचीच. सांधे आतून चोळायचे की बाहेरून, ते मी विचारलं नाही.

चुलीवर सूप होतं, नेटलचंच. मे महिन्यात तीनदा खाल्लं की वर्षभर सांधे धरत नाहीत, आजी म्हणाल्या. दोनदा का नाही, चारदा का नाही? पण मला असे ठाम आकडे आवडतात. सात दिवस काढा, तीन वेळा नेटल. आकडा मिळाला की आजार निम्मा बरा.

खिडकीतून समोरचा डोंगर दिसत होता. हिरवळीवर फणी फिरवल्यासारखे पट्टे. बटाट्याचे जुने वाफे. इंग्रजीत त्यांना 'लेझी बेड' म्हणतात. नाव ठेवणाऱ्यानं हातात फावडं धरलं नसणार. किनाऱ्यावरचं शेवाळ पाठीवरून वर वाहायचं, पसरायचं, दोन्ही बाजूंची माती त्यावर उलटवायची. १८४५ मध्ये करपा आला आणि पुढच्या काही वर्षांत १० लाखांच्या आसपास माणसं उपासमारीनं आणि तापानं गेली, तेवढीच देश सोडून गेली. यातल्या कित्येक वाफ्यांत पुन्हा लागवड झालीच नाही.

त्या वर्षांत लोक नेटल खात होते. तीनदा मोजून नाही.

आजींनी न विचारता वाडग्यात आणखी एक डाव वाढला. हात अजून चुणचुणत होता.