लार्प-नोंद, आठवडा सहावा: ‘डार्कन’ पुन्हा पाहिला, तलवार पुन्हा बांधली

लार्प म्हणजे एखादं पात्र बनून मैदानात प्रत्यक्ष खेळायचा भूमिकांचा खेळ. त्यावरचा ‘डार्कन’ शनिवारी रात्री तिसऱ्यांदा पाहिला. आधी दोन्ही वेळा गोष्टीतच गुंतलो होतो. या वेळी वही घेऊन बसलो आणि नजर फक्त हातांवर आणि ढालींवर ठेवली.

ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांच्यासाठी: ल्यूक मेयर आणि अँड्र्यू नील यांचा हा २००६ चा माहितीपट, अमेरिकेतल्या बाल्टिमोर परिसरातल्या डार्कन वॉरगेमिंग क्लबवरचा. त्यांच्या काल्पनिक जगाचा नकाशा षटकोनी तुकड्यांत विभागलेला आहे. मैदानात फोमच्या तलवारींनी लढाई जिंकली की नकाशावरचा मुलूख पदरात पडतो. त्यामुळे तह, फितुरी, रुसवेफुगवे सगळं आलंच. या जगातल्या मॉर्डम देशाची सत्ता डोईजड झालेली, तिकडचा म्होरक्या केल्डार. त्याच्याविरुद्ध लॅकोनिया देशाचा बॅनॉर बाकीच्यांची मोट बांधतो. हा बॅनॉर एरवी घरी राहून मुलांना सांभाळणारा बाप. कॅमेरा त्याच्या घराकडे आणि त्याच्या रणांगणाकडे सारख्याच आदराने बघतो, लढाया तर थेट युद्धपटाच्या थाटात टिपल्यात. मला हा सिनेमा प्रिय आहे तो यासाठी. खेळणाऱ्याला जे खरं वाटतं ते तो खरं मानतो.

आता तलवार. पहिली तलवार कडक झाली होती, सरावात मित्राच्या दंडावर वळ उठला. फार वाईट वाटलं. चूक टेपची होती: मी डक्ट टेप बॅटच्या ग्रिपसारखी गोल गोल, ओढून गुंडाळली होती. त्याने फोम दाबला जातो आणि त्याचा मऊपणा जातो. रविवारी सगळं सोलून काढलं. आत तोच पीव्हीसी पाइप, वर एसीच्या नळीवर चढवतात तो काळा फोम, आणि टेपच्या पट्ट्या या वेळी उभ्या, टोकापासून मुठीपर्यंत, न ताणता. टोकाला पाइपच्या पुढे चार बोटं जादा फोम सोडला, नाहीतर भोसकताना पाइप फोम फाडून बाहेर येतो. मुठीच्या बुडालाही गादी केली. झटापटीत ते तोंडावर लागू शकतं, हे आधी लक्षातच आलं नव्हतं.

मग स्वतःच्या उघड्या पोटरीवर जोरात दहा फटके मारून पाहिले. आवाज मोठा, वळ नाही. मित्रानेही दंड पुढे केला.

पुढच्या आठवड्यात ढाल. प्लायवूड घरात आहे, पण हात अडकवायचे पट्टे कुठे बसवावेत यावर अडलोय. कोपराजवळ एक आणि मुठीत एक, असं कोणी केलं असेल तर दोन्हींतलं अंतर सांगा.