अजून थोडं राहिलंय

दुपारचं जेवण अंगावर आलं की मी गाणी लावून आडवा होतो. परवा फोननं आपणहूनच बॉस्टन या अमेरिकन रॉक बँडचं 'मोअर दॅन अ फीलिंग' लावलं. लांबून कुणीतरी चालत यावं तशी त्यातली गिटार हळूहळू जवळ येते आणि मग एकदम स्टेडियमभर कल्लोळ. झोपेचं खोबरं.

हा कल्लोळ झाला कुठे, तर मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनच्या एका घराच्या तळघरात. बँडचा कर्ताधर्ता टॉम शोल्झ हा एमआयटीचा मेकॅनिकल इंजिनिअर. दिवसा पोलरॉइडमध्ये नोकरी, रात्री टेपरेकॉर्डर. बहुतेक वाद्यं हाच वाजवणार, एकावर एक थर चढवणार. रेकॉर्ड कंपनी म्हणाली, नीट स्टुडिओत या. मग बँडमधली बाकीची मंडळी लॉस एंजेलिसला गेली आणि कंपनीला पत्ता लागू न देता या पठ्ठ्यानं बराचसा अल्बम तळघरातच उरकला! १९७६ साली बँडच्याच नावाचा 'बॉस्टन' हा पहिला अल्बम आला आणि पुढे एकट्या अमेरिकेत त्याच्या १ कोटी ७० लाख प्रती गेल्या.

मला या जातीची माणसं ठाऊक आहेत. आमचे काका मागच्या खोलीत रेडिओ उघडून बसायचे. बोर्नव्हिटाच्या डब्यात स्क्रू, राळेचा तो घशात बसणारा धूर, आणि "हात लावू नकोस रे." रेडिओ छान वाजत असायचा, बरं का. यांनाच त्यात खरखर ऐकू यायची. काकू दारातून विचारायची, "आज बातम्या मिळणार का?" काका मान वर न करता, "मिळतील. अजून थोडं राहिलंय."

शोल्झचंही तेच. १९७८चा दुसरा अल्बम कंपनीनं घाई करून काढायला लावला, अशी त्याची कुरकुर. तिसऱ्याला आठ वर्षं. कंपनी कोर्टात गेली, तरी हा ढिम्म. मधल्या काळात त्यानं गिटारवाल्यांसाठी कमरेला लावायचा, हेडफोनवर ऐकायचा रॉकमन नावाचा अँप्लिफायर काढला आणि विकलाही. वर १९८६ मध्ये तो तिसरा अल्बम आला, तर त्यातलं 'अमांडा' थेट पहिल्या नंबरावर. कुणाच्या तोंडाला कुलूप लावायचं?

चौथा १९९४ मध्ये, पुढचा २००२ मध्ये, त्यापुढचा २०१३ मध्ये. पहिल्याची सर एकालाही नाही, असं आपलं माझं मत. कोणता स्वर कशासाठी घासत बसला होता, त्याचं त्याला माहीत. मला तर या गडबड न करणाऱ्या माणसाचं कौतुकच वाटत आलंय.

फक्त एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. २०१३च्या अल्बममधली काही गाणी ब्रॅड डेल्पनं गायलेली आहेत, 'मोअर दॅन अ फीलिंग' गाणारा तोच. डेल्प २००७ मध्येच गेला होता.