म्हशीने अडवलेला सर्व्हर

पहाटे सव्वासहाला फोन वाजला. राधानगरी तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव होते. "मॅडम, मशिन चालू हाय, पावत्या बी निघाल्यात, पण हिकडं स्क्रीनवर काय बी दिसंना झालंय."

त्यांच्या संकलन केंद्रावरचं मशिन दुधाची प्रत्येक नोंद इंटरनेटवरून माझ्या सर्व्हरला पाठवतं. अंथरुणातच लॅपटॉप उघडला. सर्व्हर चालू, सॉकेट (मशिनशी असलेली जोडणी) जोडलेला, बाइटही येताहेत. लॉगमध्ये ५ वाजून ४२ मिनिटांची एकच ओळ: "खराब नोंद, सोडून दिली." त्यानंतर शुकशुकाट.

आदल्या दिवशी बदल केला होता तो एवढाच, की दुधाच्या प्रकारात इंग्रजी "बफेलो"ऐवजी मराठी "म्हैस" जाईल. संस्थेला पावती मराठीत हवी होती.

टीसीपीवर, म्हणजे इंटरनेटवरून माहिती ज्या पद्धतीने येते तिच्यात, नोंद अशी काही नसतेच, नुसते बाइट वाहत येतात. केंद्रावरून तीन नोंदी एकेक करून पाठवल्या तरी माझ्याकडे दोन एकदम येतील आणि तिसरी अर्धीच. बल्क कूलरमध्ये (सगळ्यांचं दूध एकत्र थंड करायच्या टाकीत) ओतल्यावर कुणाचं दूध कुठलं ते सांगता येत नाही, तसंच. (माझ्या लॅपटॉपवर हे कधी दिसलं नव्हतं. केंद्रावरच्या सिमकार्डाने पहिल्याच आठवड्यात दाखवलं.) म्हणून प्रत्येक नोंदीच्या पुढे ४ बाइटमध्ये तिची लांबी लिहायची, असं ठरलं होतं. सर्व्हरने ते ४ बाइट वाचायचे, तेवढा मजकूर जमेपर्यंत थांबायचं, आणि मग जेसन (नोंद ज्या साच्यात लिहून येते तो मजकूर) उलगडायचं.

आता सर्व्हर कितीसाठी थांबलाय, हे मी छापून बघितलं. ५७,७१,३४,९६४ बाइट! एका नोंदीला ४९ बाइट लागतात. दोन्ही वेळच्या मिळून रोज ४०० नोंदी धरल्या तरी सर्व्हरची वाट संपायला ८० वर्षं लागली असती.

असला अवाढव्य आकडा दिसला की मी तो हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत, दर दोन अंकांना एक बाइट) करून बघते, ही जुनी सवय. निघालं २२ ६६ ६१ ७४. म्हणजे अवतरणचिन्ह, एफ, ए, टी. लांबी कसली, तो "फॅट" होता! मागच्या नोंदीचं शेपूट सर्व्हरने पुढच्या नोंदीची लांबी म्हणून वाचलं होतं.

मग उरलं फक्त मोजणं. "म्हैस" म्हणजे म, हलन्त, ह, दोन मात्रा, स. केंद्रावरचा कोड ज्या भाषेत आहे त्या जावास्क्रिप्टच्या हिशेबाने लांबी ५. पण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे १५. केंद्रावरच्या कोडने स्ट्रिंगची (मजकुरातल्या चिन्हांची) लांबी लिहिली ३५, आणि पाठवले ४५ बाइट. राहिलेले १० बाइट म्हणजे बरोब्बर फॅटचा रकाना आणि शेवटचा महिरपी कंस. "बफेलो" होतं तोवर अक्षरं आणि बाइट सारखेच भरायचे, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. गायीनेही अडवलंच असतं, पण त्या पहाटे पहिलं दूध म्हशीचं आलं.

केंद्रावरचा कोड माझ्या सहकाऱ्याने लिहिला होता. त्याला "लेंग्थ"च्या जागी बाइट मोजणारं "बफर.बाइटलेंग्थ" करायला दोन मिनिटं लागली. पण मला खरा राग आला तो माझ्याच ओळीचा. जेसन फुटलं तर "सोडून दिली" लिहून पुढे जायचं, हा शहाणपणा माझा. एकदा माप चुकलं की त्या जोडणीतला पुढचा एकही बाइट भरवशाचा राहत नाही, तिथं जोडणी तोडायलाच हवी. टाइमआउट (ठरल्या वेळेत काही आलं नाही तर वाट बघणं सोडायची सोय) होता, पण तो प्रत्येक वाचनापुरता. बाइट तर थेंबथेंब येतच होते, मग तो कशाला वाजेल? आणि मशिनवरचा हिरवा दिवा फक्त बाइट पोचल्याचं सांगत होता, ते समजल्याचं नाही. तरी त्याच्यावर विसंबून मशिनने नोंदी पुसूनही टाकल्या.

आता ६४ केबीच्या वरची लांबी दिसली की सर्व्हर फोन आपटतो, म्हणजे जोडणी तोडतो. जेसन फुटलं तरी आपटतो. आणि नोंद साठवून झाल्यावर सर्व्हर तिचा क्रमांक परत पाठवतो, तो आल्याशिवाय मशिन काही पुसत नाही.

त्या सकाळच्या नोंदी मात्र वहीतूनच घ्याव्या लागल्या. सचिव फोनवर वाचत होते, "म्हैस, साडेसात, सहा दोन... गाय, चार, तीन आठ..." आणि मी टाइप करत होते. मधेच थांबून त्यांनी विचारलं, "मॅडम, पावतीवर म्हैस मराठीतच ऱ्हाणार न्हवं?"