चिनाबवर कमानच का?

भुसावळहून खंडव्याकडे निघालं की तापीवरचा रेल्वे पूल लागतो. पात्र रुंद, म्हणून पात्रातच ओळीने खांब आणि वर गर्डर, म्हणजे आडव्या तुळया. जम्मूतल्या रियासी जिल्ह्यात चिनाब नदीवरच्या रेल्वे पुलाला हा हिशोब चालत नाही. रूळ नदीपात्रापासून ३५९ मीटर वर. एवढा खांब खोल घळीत उभारणं परवडत नाही, म्हणून ४६७ मीटर गाळ्याची, म्हणजे एका टेकूपासून दुसऱ्यापर्यंत तेवढं अंतर ओलांडणारी, पोलादी कमान. पुलाची एकूण लांबी १,३१५ मीटर.

कमानीचं काम एकच: वरचा सगळा भार दोन्ही टोकांना डोंगरात ढकलणं. त्यामुळे खरी परीक्षा खडकाची. उतार भेगाळलेला असेल तर आधी तो बांधून घ्यावा लागतो. पायाच सरकला तर वरचं पोलाद कितीही चांगलं असून उपयोग नाही.

कमान जुळेपर्यंत ती कमान नसते, हे लक्षात ठेवा. दोन्ही काठांवरून तुकडे केबल क्रेनने आणून पुढे पुढे जोडत गेले आणि अर्धवट बाहू मागे केबलने ताणून धरले. एप्रिल २०२१ मध्ये दोन्ही बाजू मधोमध मिळाल्या.

इथे उन्हाचा खेळ मोठा. तापमान ४० अंशांनी बदललं तर ४६७ मीटर पोलाद साधारण २२ सेंटिमीटर कमीजास्त होतं. कमानीची टोकं पक्की, म्हणून ती मधोमध किंचित वर उचलली जाते. वरचा डेक, म्हणजे रूळ ज्यावर असतात तो भाग, मात्र सरकायलाच हवा. त्याला प्रसरण सांधे, म्हणजे लांबी कमीजास्त व्हायला ठेवलेल्या फटी, लागतात. सांध्यात कचरा अडकला की ताण थेट बेअरिंगवर, म्हणजे डेक ज्यांवर टेकतो त्या आधारांवर, येतो.