दहापैकी किती?

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या पाहणीसाठी जिल्हा परिषदेच्या एका शाळेत पाचवीच्या वर्गावर जाण्याचा प्रसंग आला. मी फळ्यावर एक शिडी काढली, तळाशी शून्य आणि वर दहा लिहिले, आणि मुलांना सांगितले की सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने सर्वांत छान जगणे आणि सगळ्यात खालची म्हणजे सर्वांत वाईट. सध्या आपण कुठे आहोत असे वाटते, तिथे कागदावर खूण करा. वर्गाच्या बाई मागच्या भिंतीशी बसून वह्या तपासत होत्या. कागद गोळा केले तेव्हा ३२ पैकी २७ मुले थेट दहाव्या पायरीवर उभी होती. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने कागद देताना हळूच विचारले, "ताई, हे गुण परीक्षेत धरणार का?"

ही शिडी हॅडली कँट्रिल या अमेरिकी संशोधकाने १९६५ मध्ये मांडली, तीही मोठ्या माणसांसाठी. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने होणाऱ्या, ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत ती रुळली. साधन वाईट नाही. परंतु 'दहापैकी किती' हा प्रश्न आपल्याकडच्या मुलाच्या कानावर पहिलीपासून पडत असतो, आणि बाई मागे बसलेल्या असताना त्याचे उत्तर काय द्यायचे हे त्याला पक्के ठाऊक असते. आमच्या पाहणीच्या प्रश्नावलीत 'मी माझ्या आयुष्याबद्दल समाधानी आहे' असे एक भाषांतरित विधान होते. त्यावर एका मुलाने विचारले, "आयुष्य म्हणजे म्हातारं झाल्यावरचं का?" मला पटकन उत्तर सुचले नाही, कारण आपल्या बोलण्यात दहा वर्षांच्या मुलाला आयुष्य नसतेच, त्याला शाळा असते, घर असते आणि सुट्टी असते.

तरीही मुलांनाच विचारले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. उंची, वजन, लसीकरण, पट आणि गळती हे सारे आपण नेमाने मोजतो आणि ते मोजलेच पाहिजे. पण त्यांतल्या एकाही रकान्यासाठी मुलाला तोंड उघडावे लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमाने मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क दिला आहे आणि भारताने १९९२ मध्ये ती संहिता स्वीकारली आहे. मोजणीच्या तक्त्यांपर्यंत हे कलम अजून पुरते पोहोचलेले नाही, एवढेच.

या बाबतीत ब्रिटनमधला अनुभव मला फार बोलका वाटतो. २००७ मध्ये युनिसेफने २१ संपन्न देशांतील बालकल्याणाची तुलना प्रसिद्ध केली. नेदरलँड्स पहिला आला आणि ब्रिटन शेवटचा. तिथे मोठा गदारोळ झाला. 'द चिल्ड्रन्स सोसायटी' या संस्थेने त्याआधीच मुलांकडून त्यांच्या बालपणाविषयी जाणून घ्यायला सुरुवात केली होती, आणि त्यातून पुढे दहा अंगांचा एक निर्देशांक तयार झाला. कुटुंब, शाळा, आरोग्य ही अंगे कोणालाही सुचली असती. त्यात 'आपल्याला स्वतः ठरवायला किती मिळते' हेही एक अंग आहे. घरात कोण कोण राहते यापेक्षा घरातली माणसे एकमेकांशी कशी वागतात, याचा मुलांच्या समाधानाशी अधिक जवळचा संबंध असतो, हेही त्या पाहण्यांतून दिसले.

त्याहून मला आवडते ती २०११ च्या सुमाराची त्यांची वंचिततेची यादी. गरिबी मोजायची म्हणजे घराचे उत्पन्न पाहायचे, ही मोठ्यांची रीत. इथे मुलांनाच विचारले गेले की तुमच्या वयाच्या मुलाला चारचौघांसारखे जगायला काय लागते. यादीत खाऊचे पैसे आले, थोडी बचत आली, कुटुंबाबरोबर महिन्यातून एक सहल आली, नामांकित कंपनीचे बूटही आले आणि बरोबरीच्या मुलांत वेगळे न दिसण्याजोगे कपडेही आले. बुटांवर कोणीही आजोबा चिडतील. परंतु मुले आपल्याजवळ काय नाही हे वर्गातल्या शेजाऱ्याकडे पाहून ठरवतात, आणि त्यांच्या समाधानाविषयी उत्पन्नाच्या आकड्यापेक्षा या यादीने अधिक सांगितले.

मधल्या सुट्टीत बाई खिचडीच्या वाटपाकडे गेल्या, तेव्हा मी शिडी पुसली आणि नुसते विचारले, की शाळेत काय असते तर रोज यायला बरे वाटले असते. आधी हशा झाला, मग क्रिकेटची बॅट, मग सहलीची वर्गणी एकदम न मागता थोडी थोडी घ्यावी, ही मागणी आली. ती करणारा मुलगा मघाशी दहावर होता. शेवटी ती दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मुतारीच्या दाराला आतून कडी पाहिजे. एकीने बाहेर उभं राहावं लागतं." बाकीच्या मुलींनी लगेच माना डोलावल्या. प्रश्नावलीच्या आठ पानांत त्यासाठी जागा नव्हती, म्हणून मी ते शेवटच्या पानामागे पेनाने लिहून घेतले, आणि खालच्या ओळीत सहलीच्या वर्गणीचेही.