पिंगचा टाइमआउट: चालू होस्ट डाऊन दिसत होता तेव्हा

नेटवर्कचं मॉनिटरिंग उभं करणं, होस्टची म्हणजे लक्ष ठेवायच्या यंत्रांची यादी भरणं, ग्रुप पाडणं, हे सगळं सुरळीत झालं. डोकं खाल्लं ते एका लांबच्या राउटरने. रात्री-अपरात्री 'होस्ट डाऊन'चा अलर्ट यायचा, आणि उठून लॉगिन केलं की राउटर व्यवस्थित चालू! लिंक देणाऱ्या कंपनीला फोन केला की तिकडून ठरलेलं उत्तर: "सर, आमच्याकडून लिंक अप आहे." त्या उत्तराची अजून चीड येते, पण या बाबतीत त्यांचं म्हणणं खरं होतं.

होस्ट चेकसाठी आधीपासून एक स्क्रिप्ट होती. तिच्यात लिनक्सचा पिंग, म्हणजे होस्टला छोटी पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघणारी कमांड. तिला दोन पर्याय दिलेले: काउंट (-c) ५ आणि स्मॉल डब्ल्यूला (-w) ५. वाचणाऱ्याला वाटतं, पाच पॅकेट जातील, पाच सेकंद वाट बघेल, झालं. पण स्मॉल डब्ल्यू ही संपूर्ण कमांडची डेडलाइन असते. काउंट आणि डेडलाइन दोन्ही दिले की पिंग पाच पॅकेट पाठवून थांबत नाही, पाच उत्तरं यायची वाट बघतो. डेडलाइनपर्यंत चारच आली तर एक्झिट कोड (कमांड संपताना निकाल सांगणारा आकडा; शून्य म्हणजे ठीक) १. आणि आमची स्क्रिप्ट शून्य सोडून काहीही आलं की होस्ट डाऊन ठरवायची. म्हणजे पाचातलं एक पॅकेट हरवलं की अलर्ट! हाताने पिंग केला तेव्हा समोर स्वच्छ दिसलं: चार उत्तरं, २० टक्क्यांच्या आसपास लॉस (हरवलेली पॅकेट), आणि खाली एक्झिट कोड १. इतके दिवसांचा त्रास त्या एका आकड्यात होता.

स्मॉल डब्ल्यू काढून कॅपिटल डब्ल्यू (-W) २ लावला; उत्तरच येत नसेल तर शेवटी किती वाट बघायची ते हा ठरवतो. आता एक जरी उत्तर आलं तरी कोड शून्य येतो. थोड्या लॉससाठी वेगळी वॉर्निंग ठेवली, कारण लॉस होणं आणि होस्ट मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अलर्ट थांबले, आणि झोप परत मिळाली!

बेरीज मात्र करून बघाच. पाच पॅकेटमध्ये एकेका सेकंदाची चार अंतरं, शेवटी दोन सेकंदांची वाट, म्हणजे उत्तरच आलं नाही तर सुमारे सहा सेकंद. मॉनिटरिंग स्वतः चेकला जो वेळ देतं, तो बाहेरचा चेक टाइमआउट याहून मोठा हवा, नाहीतर पिंग संपायच्या आधीच चेक मध्येच बंद केला जातो. नागिओस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या नमुना कॉन्फिगमध्ये होस्ट चेकला ३० सेकंद असतात, ते पुरतात.

एककं तपासायची राहून जातात. लिनक्सवर कॅपिटल डब्ल्यू सेकंदांत, मॅकवर तोच मिलिसेकंदांत. विंडोजचा स्मॉल डब्ल्यूही मिलिसेकंदांत, आणि तिथे तो प्रत्येक उत्तरासाठी असतो. दुसऱ्या मशीनवरची कमांड जशीच्या तशी उचलू नका. भूस्थिर उपग्रहावरची लिंक असेल तर जाऊन-येऊन ६०० मिलिसेकंद सहज लागतात, तिथे प्रत्येक उत्तरासाठी अर्ध्या सेकंदाचा टाइमआउट लावला तर चालू होस्टही कायम डाऊनच दिसेल.