राजा थिबाच्या गावात शनिवार-रविवार

शनिवार, रात्री

रत्नागिरीला उतरणारे बहुतेक पर्यटक गणपतीपुळ्याच्या वाटेवर असतात. शहर मध्ये लागते म्हणून ते येथे चहा घेतात आणि पुढे निघतात. ताईने आणि मी या वेळी गणपतीपुळे वगळून केवळ शहर पाहायचे, असे ठरवले होते. गाडीत करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण झाली, त्याआधी या गावाच्या एका बाजूला सह्याद्रीचे घाट होते आणि दुसऱ्या बाजूला पावसाळ्यात खवळून बंद होणारा समुद्र. ज्याला नजरेआड ठेवायचे पण तुरुंगात टाकायचे नाही, अशा माणसासाठी इंग्रजांना हे गाव सोयीचे का वाटले असेल, याचे निम्मे उत्तर या भूगोलातच आहे.

सकाळ थिबा राजवाड्यात गेली. तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर, 1885 च्या अखेरीस ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा पदच्युत झाला आणि पुढच्याच वर्षी त्याला सहकुटुंब रत्नागिरीस आणण्यात आले. आपण आज पाहतो तो राजवाडा मात्र 1910 चा आहे. म्हणजे जवळजवळ पाव शतक राजा दुसऱ्या बंगल्यांतून राहिला आणि डिसेंबर 1916 मध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा नव्या वाड्यात त्याला जेमतेम सहा वर्षे मिळाली होती. वास्तू देखणी आहे: उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार खिडक्या, नक्षीदार लाकूडकाम. पण तिच्यात वावरताना राजेपणापेक्षा सरकारी काटेकोरपणाच जास्त जाणवतो; बांधणाऱ्याने पाहुण्याचा मान राखला आहे आणि त्याचबरोबर खर्चावर नजरही ठेवली आहे, असे मला वाटत राहिले. टेकडीवरून भाट्याची खाडी आणि पलीकडचा समुद्र दिसतो. हा समुद्र पश्चिमेचा आहे आणि त्याचा देश पूर्वेला होता, हे तेथे उभे राहिल्यावर जितके बोचते तितके नकाशा पाहताना बोचत नाही. राणी सुपयालत 1919 मध्ये मायदेशी परतली. राजाची समाधी येथेच राहिली. म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन 2012 च्या डिसेंबरात मुद्दाम या समाधीपाशी आले होते. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय तेथे कोणी नव्हते.

दुपारी एका साध्या खाणावळीत जेवलो. ताई मासे खात नाही, त्यामुळे एकाच टेबलावर दोन कोकणे मांडली गेली. तिच्याकडे काळ्या वाटाण्याची आमटी, घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी आली. माझ्याकडे बांगड्याचे तिखले, तांदळाची भाकरी आणि भात. बाहेरून येणारा माणूस हटकून तळलेली सुरमई मागवतो, कारण ती महाग असते आणि तिला काटे कमी असतात. रव्यात घोळून तळलेली सुरमई मलाही आवडते, परंतु ती कोणत्याही शहरात बरी मिळते. तिखल्याचे तसे नाही. बांगड्याचा उग्रपणा दाबून टाकण्याऐवजी त्याला तोडीस तोड उत्तर देण्याचे काम तिरफळ करते. ती अख्खी टाकलेली फळे बाजूला काढून ठेवायची असतात, पण त्यांचा झणका रश्श्यात उतरलेला असतो आणि जिभेवर किंचित मुंग्या येतात. त्यानंतर सोलकढीचा पहिला घोट घेतल्यावर नारळाच्या दुधाला कोकमाची जोड कोणी आणि का दिली असेल, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दोन वाट्या प्यालो, तिसरी ताईने मला घेऊ दिली नाही.

संध्याकाळी पतितपावन मंदिरात गेलो. सावरकरांना 1924 पासून 1937 पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवले होते. त्या काळात भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले हे मंदिर 1931 मध्ये सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुले झाले. मला त्याहून अधिक विचार करायला लावले ते त्याच सुमारास झालेल्या सहभोजनांनी आणि 1933 साली येथे सुरू झालेल्या अखिल हिंदू उपाहारगृहाने, जेथे कोणत्याही जातीच्या माणसाने शेजारी बसून चहा-फराळ घ्यावा अशी योजना होती. सावरकरांच्या एकूण राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, या गावात शंभर वर्षांपूर्वी एका बाकावर बसून खाणे हीच चळवळ होती, ही वस्तुस्थिती आहे. आमच्या खाणावळीत शेजारच्या बाकावर कोण बसले होते, याची आम्ही दुपारी दखलही घेतली नव्हती.

रविवार, परतीच्या गाडीत

सकाळी ऊन चढण्याआधी रत्नदुर्ग. तीन बाजूंनी समुद्र असलेला हा किल्ला घोड्याच्या नालासारखा पसरलेला आहे. बालेकिल्ल्यात भगवती देवीचे मंदिर आहे आणि एका टोकाला दीपगृह. तटावरून खाली मिरकरवाडा बंदर दिसते, आणि मला विचाराल तर किल्ल्यावरचे सर्वांत जिवंत दृश्य तेच आहे: एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या रंगीत नौका, त्यांवर फडकणारी निशाणे, आणि वाऱ्याची दिशा बदलली की थेट तटापर्यंत पोहोचणारा मासळीचा वास.

तेथून मांडवी किनारा. येथील वाळू काळी आहे, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती अस्वच्छ वाटते. प्रत्यक्षात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील वाळूत इल्मेनाइट हे टायटॅनियमचे जड, काळे खनिज मोठ्या प्रमाणात आहे. हलकी वाळू लाटांबरोबर निघून जाते आणि जड कण मागे राहतात. किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला पांढऱ्या वाळूचा किनारा आहे, म्हणून स्थानिक लोक काळा समुद्र आणि पांढरा समुद्र अशी नावे सहज घेतात. भाट्याचा सुरूबनालगतचा किनारा आम्ही रिक्षातूनच पाहिला.

टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान हे कौलारू, नीटनेटके घर आहे. टिळकांचा जन्म 1856 चा आणि वयाच्या दहाव्या वर्षी ते पुण्याला गेले, त्यामुळे तेथे पाहायचे ते बालपणच. ताई मत्स्यालयात जास्त रमली. देवमाशाच्या सांगाड्याखालून ती दोनदा फिरून आली आणि शाळेच्या सहलीतल्या मुलांना तिने मार्गदर्शनही केले, जे त्यांनी मागितले नव्हते.

दुपारच्या जेवणाला उकडीचे मोदक आधी सांगून ठेवले होते. पारी पातळ होती, सारणात जायफळ बेताचे होते, आणि वर साजूक तूप ओतताना वाढणाऱ्या बाईंनी आम्हाला विचारले नाही, जे योग्यच झाले. आंब्याच्या झाडांना आता कुठे मोहोर आला आहे, त्यामुळे स्टेशनवर जाताना आंबापोळीवर समाधान मानले.

पुन्हा कधी यायचे, यावर गाडीत वाद चालू आहे. ताईला हापूससाठी मे महिना हवा आहे. मला जूनच्या शेवटी यायचे आहे, घाट धुक्यात असताना आणि बंदर बंद असताना, राजाला पहिल्या पावसाळ्यात हे गाव कसे दिसले असेल ते पाहायला. त्यावर तिने शांतपणे आठवण करून दिली की 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा माझ्या ताटातही काळ्या वाटाण्याची आमटीच येईल आणि तिची त्याला काहीच हरकत नाही. मे ठरला.